इंग्रजी फर्डं आहे, मग शिकवायला कोर्स कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी फर्डं आहे, सध्याच्या नोकरीचा वीट आलाय, परभाषिकांना इंग्रजी शिकवण्यात करिअर होईल का, आणि त्यासाठी ‘खरंच’ कोर्स करावा लागतो का? त्यातला ‘खरंच’ झोंबला म्हणून लिहायला बसले.

हो, लागतो. इंग्रजी शिकवायला शिकवणारे दोन कोर्स आहेत: केंब्रिजचा सेल्टा करा नाहीतर ट्रिनिटीचा सर्ट-टीसॉल, दोन्ही चालतात. सेल्टा किमान 120 तासांचा असतो आणि त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं असतं, मागे बसलेला ट्रेनर सगळं टिपून घेत असतो. ज्या कोर्समध्ये एकही जिवंत विद्यार्थी समोर येत नाही, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावा, दुसरा उपयोग नाही.

मीही तुमच्याच तोऱ्यात गेले होते. पहिलाच धडा प्रेझेंट परफेक्टचा. फळा भरून लिहिला, ‘फॉर’ आणि ‘सिन्स’चे नियम धडाधड सांगितले, मधूनमधून ‘समजलं का?’ विचारत राहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश. धडा संपल्यावर ट्रेनरबाईंनी फळ्यावरच्या ‘शी हॅज वर्क्ड हिअर फॉर फोर इयर्स’ या वाक्याकडे बोट दाखवलं आणि पुढच्या बाकावरच्या नर्सला विचारलं, “ही बाई अजून इथे काम करते का?” ती म्हणाली, “नाही. चार वर्षं केलं, मग सोडलं.” शेजारच्या दोघांनी दुजोरा दिला. वाक्याचा अर्थ नेमका उलटा होता: ती बाई अजून तिथेच काम करते.

चाळीस मिनिटांच्या धड्यात 29 मिनिटं मी एकटी बोलले होते. बाईंनी घड्याळ लावून मोजलं होतं. त्या दिवसापासून ‘समजलं का?’ हा प्रश्न मी वर्गात विचारलेला नाही. अर्थ कळला की नाही ते तपासायला असे छोटे, आडवे प्रश्न विचारायचे असतात आणि ते आदल्या रात्री लिहून काढावे लागतात. आयत्या वेळी सुचत नाहीत, मला तर चौदा वर्षांनंतरही सुचत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. काही वर्षांनी मी ज्या संस्थेत होते तिथे वरच्या पातळीचा वर्ग माझ्या हातून काढून एका नव्या शिक्षकाला दिला. ट्रेनिंग शून्य, पण पासपोर्ट योग्य देशाचा. “लोकांना नेटिव्हच हवा असतो,” म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलाच, असं साहेबांनी मला समजावलं. माणूस चांगला होता हो, त्याचा काय दोष? तिसऱ्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये येऊन विचारतो, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक का? वर्गात त्याने ‘कानाला बरं वाटत नाही’ असं सांगून वेळ मारून नेली होती. मी कागदावर काळाची रेघ ओढली, ‘यस्टरडे’वर फुली मारली आणि दाखवलं की संपलेली वेळ सांगितली की तिथे साधा भूतकाळच येतो. पुढे दोन सत्रं व्याकरणाचा प्रत्येक धडा तो माझ्याकडून तयार करून घ्यायचा. पगार त्याचा जास्त.

मला ही फुली कुठे मारायची ते माहीत होतं, कारण मी स्वतः तिथेच आपटले होते. मराठीत आपण ‘मी इथे चार वर्षं काम करते’ असं वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’ तोंडून निघून जातं. खड्ड्यात पडलेल्यालाच खड्डा दाखवता येतो हे साहेबांना तेव्हा सांगायला हवं होतं. टीसॉल या शिक्षकांच्या संघटनेनेही मातृभाषेवरून होणाऱ्या या भेदभावाविरुद्ध 2006 मध्ये जाहीर भूमिका घेतली. पण निवेदनाने व्हिसा मिळत नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा मुख्यतः सातच इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. परदेशाची स्वप्नं बघत असाल तर ते आधी बघून घ्या.

याचा अर्थ नेटिव्ह शिक्षक वाईट असतात असा नाही. कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत बसतो हे त्या नव्या शिक्षकाला चटकन कळायचं, मला आजही शब्दकोश उघडावा लागतो.

उच्चाराची धास्ती घेऊ नका, पण एक करून बघा. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘पेन’ म्हणा. आपल्या ‘प’ला ती हलत नाही, इंग्रजीत हलायला हवी. नाहीतर परक्या कानाला ते ‘बेन’ ऐकू येतं.

राहिला पैसा. सुरुवातीची कामं बहुतेक तासांवर असतात आणि तास म्हणजे फक्त वर्गातला. निबंध तपासणं, ते आडवे प्रश्न लिहिणं, पालकांना नाहीतर कंपनीला अहवाल पाठवणं, हे सगळं फुकटात. घर एकट्याच्या पगारावर चालत असेल तर आत्ताची नोकरी लगेच सोडू नका. मुलाखतीत तयारीच्या तासांचे पैसे मिळतात का ते विचारा. मी विचारलं नव्हतं.