अनोळखी शहरात लहान मुलांना खेळायला बाग कशी शोधावी?

दोन आणि पाच वर्षांची मुलं, चार दिवसांचा मुक्काम आणि ओळखीचं कुणी नाही, अशा वेळी खेळायची जागा घरूनच कशी हेरून ठेवायची, असं तुम्ही विचारलंय.

गूगल मॅप्समध्ये नुसतं 'प्लेग्राउंड' टाकलंत तर शाळांची आवारं, फुटबॉलची मैदानं आणि तिकीट काढून आत जायचे गेम झोनही समोर येतात. म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपमधून 'लहान मुलांची खेळायची बाग' याला तिथले लोक काय म्हणतात ते काढा आणि तिथल्याच लिपीत नकाशात चिकटवा. आधी मुक्कामाची जागा मध्ये ठेवून नकाशा मोठा करा, मग शोधा. अर्ध्या-पाऊण किलोमीटरपलीकडचं काही धरू नका. आपली दहा मिनिटांची वाट दोन वर्षांच्या मुलाला पायी सहज अर्धा तास लागते.

सोसायट्यांच्या मधल्या छोट्या बागा गूगलवर बरेचदा नसतात. त्या ओपनस्ट्रीटमॅपवर सापडतात, कारण तो नकाशा त्या त्या गावचे हौशी लोक भरतात. हीच माहिती ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये नेट नसतानाही दिसते, शहराचा नकाशा निघण्याआधी उतरवून घेतला की झालं. अशी बाग कधी फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असते, तेवढं फाटकावर पाहून घ्या.

आता सॅटेलाइट चित्र उघडा. झोपाळा वरून दिसत नाही, त्याची सावली दिसते: आडवा दांडा आणि दोन्ही टोकांना फाकलेले पाय. निळे-लाल पट्टे म्हणजे बहुतेक रबरी जमीन, फिकट चौकोन म्हणजे वाळू. झाडं कुठल्या बाजूला आहेत आणि रस्ता किती जवळ आहे तेही इथेच कळतं. चित्र जुनं असू शकतं, म्हणून लोकांनी टाकलेले फोटो 'नवीन आधी' लावून बघा. ताऱ्यांवर जाऊ नका, ते अख्ख्या उद्यानाला दिलेले असतात. झोपाळे मोडलेले असले तरी तळं सुंदर म्हणून पाच तारे मिळतात. रिव्ह्यूमध्ये 'सावली', 'टॉयलेट', 'कुंपण' हे शब्द शोधा. फाटकावरच्या पाटीचा फोटो मिळाला तर वेळाही कळतात, काही बागा दुपारी बंद असतात.

धाकट्यासाठी फोटोत तीन गोष्टी बघा: पाय घालायला भोकं असलेला बादलीसारखा झोपाळा, फार उंच नसलेली घसरगुंडी आणि तिच्या वरच्या फळीला चढायची-घसरायची जागा सोडून बाकी बाजूंनी कठडा. पाच वर्षांच्याला यात कंटाळा येईल, त्याला चढायची जाळी लागते. एकाच बागेत दोन्ही असेल तर ती बाग पहिली निवडा, मग थोडी लांब असली तरी चालेल.

तिथे पोचल्यावर घसरगुंडीला हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर मुलाला बसवू नका. पत्राच तापतो असं नाही, उन्हातलं प्लॅस्टिक आणि रबरी जमीनही भाजते. गळ्यातल्या दोऱ्या, स्कार्फ काढून ठेवा, ते अडकून फास बसतो.

आणि मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. हे प्रेमापोटी केलं जातं आणि त्यातच पाय मोडतात. मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकतो, एकटं असतं तर ते तिथेच थांबलं असतं, पण मागून मोठ्या माणसाचं वजन ढकलत राहतं आणि नडगीचं हाड पिळवटून तुटतं. त्याला एकट्याला घसरू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा.

पावसासाठी सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग किंवा मॉलमधला सॉफ्ट प्ले एरिया हेरून ठेवा. सॉफ्ट प्लेमध्ये बहुतेक ठिकाणी मोजे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा दोघांचे मोजे पिशवीत असू द्या.