आवाजाच्या व्यवसायासाठी नोकरी सोडण्यापूर्वीचा हिशेब

प्रश्न : माझे वय २९ असून मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत लेखा विभागात चार वर्षे तीन महिने काम करत आहे. हातात ३८,००० रुपये पगार येतो. महाविद्यालयात असल्यापासून मी सूत्रसंचालन करते आणि आवाजाचे कौतुक नेहमी होते. आता नोकरी सोडून व्हॉईसओव्हरच्या, म्हणजे जाहिराती, माहितीपट यांना आवाज देण्याच्या, क्षेत्रात पूर्णवेळ उतरावे असे वाटते. पुण्यातील एका संस्थेच्या कार्यशाळेचे शुल्क, डेमोसह (आवाजाच्या नमुना मुद्रणासह), ६५,००० रुपये आहे. घरी छोटा स्टुडिओ उभारण्यासाठी, तयार बूथ (ध्वनिमुद्रणाची छोटी बंद खोली) धरून, १,८५,००० रुपयांचा अंदाज मिळाला आहे. या दोन्हींसाठी पतसंस्थेतून आईच्या दागिन्यांवर अडीच लाखांचे कर्ज घ्यायचे आणि ३,२०,००० रुपयांच्या मुदत ठेवीवर वर्षभर घर चालवायचे, अशी योजना आहे. घरखर्चात माझा वाटा महिना २४,००० रुपयांचा आहे. आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत आणि वडिलांना मधुमेह आहे. हा निर्णय योग्य ठरेल का? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या आवाजाविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही, आणि या उत्तरासाठी ते गृहीत धरण्याची गरजही नाही. आवाज उत्तम आहे असे मानले तरी आपली योजना आज आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या व्यवसायाला सुरुवातीला पैसा फार कमी आणि वेळ फार जास्त लागतो. आपण मात्र अडीच लाख रुपये पहिल्याच महिन्यात गुंतवून त्यांचे फळ एका वर्षात मागत आहात.

प्रथम आपण नेमके काय सोडणार आहात ते पाहू. सोबत पाठवलेल्या वेतनपत्रानुसार आपले मूळ वेतन २०,००० रुपये आहे आणि त्यावर भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा, म्हणजे २,४०० रुपये, आपण भरता व तेवढेच कंपनीही भरते. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, महिन्याचा वाटा सुमारे ९६० रुपये पडतो. त्यामुळे आपली मासिक मिळकत ३८,००० नसून ४३,७०० रुपयांच्या घरात आहे. स्वतंत्र व्यवसायात यावर आरोग्य विम्याचा हप्ता, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, उपकरणांची देखभाल आणि करसल्लागाराचे शुल्क हे खर्च चढतात. ते सारे मिळून महिना ११,००० रुपये धरले तरी आजच्या स्थितीला टिकून राहण्यासाठी दरमहा सुमारे ५५,००० रुपये प्रत्यक्ष खात्यात जमा व्हावे लागतील. समजा, स्थानिक जाहिरातीच्या एका ध्वनिमुद्रणामागे सरासरी १,५०० रुपये सुटतात. मग महिन्याला सदतीस कामे हवीत, आणि तीही पैसे वेळेवर देणाऱ्यांची. नवोदित कलाकाराला पहिल्या वर्षी असे घडवता येणे मला संभवनीय वाटत नाही.

मुदत ठेवीचा हिशेबही आपण मांडला आहे तितका सरळ नाही. सोनेतारण कर्जाचा व्याजदर वर्षाला १० टक्के धरला तरी महिना दोन हजारांहून अधिक व्याज होते. ते आणि विम्याचा हप्ता २४,००० रुपयांत मिळवल्यास ठेव साधारण अकराव्या महिन्यात संपते. त्या दिवशी हातात उपकरणे असतील, दागिने तारण असतील आणि मुद्दलातील एक रुपयाही फिटलेला नसेल. जोखीम घेण्याचे आपले वय आहे हे मान्य. परंतु ती जोखीम आईच्या दागिन्यांवर घेतली जाणे मला पटत नाही.

या निर्णयातील सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र आपल्या पत्रात कोठेही नाही. कायम कर्मचाऱ्याला राजीनामा देताना ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि आपल्याला त्यासाठी नऊ महिने कमी आहेत. शेवटच्या मूळ वेतनाला २६ ने भागून, १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणले असता आपली रक्कम सुमारे ५७,७०० रुपये येते. आज राजीनामा दिल्यास त्या रकमेवर आपला दावा उरणार नाही. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीतही पाच वर्षांपूर्वी रक्कम काढल्यास ती करपात्र ठरते. म्हणून नऊ महिने थांबणे हा भित्रेपणा मानू नये. कार्यशाळेच्या शुल्काच्या जवळपास जाणारी रक्कम त्या थांबण्याने जवळजवळ फुकट हाती येते. निधी मात्र त्यानंतरही काढू नये, कारण कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने मिळतो आणि पुढे पुन्हा नोकरी करावी लागल्यास जुनी सेवा त्यात जोडता येते.

आरोग्य विम्याचे काम त्याहून तातडीचे आहे. कंपनीच्या गटविम्याचे संरक्षण नोकरीबरोबर संपते, आणि वडिलांना मधुमेह असल्याचे आपण लिहिले आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. आई-वडिलांची वैयक्तिक पॉलिसी या महिन्यातच घेतल्यास तो काळ आपण नोकरीत असतानाच सरकू लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाल्याने हप्ता काहीसा हलकाही झाला आहे.

आता कार्यशाळेविषयी. प्रशिक्षण निरर्थक आहे असे माझे म्हणणे नाही. श्वासावर नियंत्रण, माईकपासूनचे अंतर, संहितेतील वाक्याचा तोल, ओठांच्या हालचालीला शब्द जुळवणे या गोष्टी शिकाव्याच लागतात आणि सूत्रसंचालनाच्या सवयीतून त्या आपोआप येत नाहीत. किंबहुना मंचावर मोठ्याने बोलण्याची सवय माईकसमोर अनेकदा आड येते. परंतु तीन शनिवार-रविवारांच्या कार्यशाळेअखेर तयार होणारा डेमो हा शिकाऊ आवाजाचा डेमो असतो. निर्मात्यांकडे तो एकदा पोहोचला की पहिली छाप तीच राहते. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला विचारावे की गेल्या दोन वर्षांतील कोणत्या विद्यार्थ्यांना पैसे देणारे काम मिळाले, त्यांच्याशी थेट बोलता येईल का, आणि एका वर्गात किती जण असतात. ‘काम मिळवून देण्याची हमी’ असे शब्द माहितीपत्रकात असतील तर तेथेच थांबावे, कारण ही हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. त्याच रकमेच्या चौथ्या हिश्शात एखाद्या काम करणाऱ्या कलाकाराकडे वैयक्तिक तासिका घेता येतील, आणि त्यातून मिळणारे कठोर अभिप्राय आपल्याला अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

स्टुडिओच्या अंदाजपत्रकातील मोठी रक्कम बूथची आहे, आणि तीच सध्या अनावश्यक आहे. भिंतीला लावलेला फोम खोलीतील घुमणारा आवाज कमी करतो. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज तो अडवत नाही. हा फरक विक्रेते क्वचितच सांगतात. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, तीन बाजूंनी जाड वाकळा टांगून, पहाटे किंवा रात्री केलेले ध्वनिमुद्रण सुरुवातीच्या कामांना बहुधा पुरते. संवेदनशील कंडेन्सर माईक अशा खोलीत शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपेल. त्याऐवजी दहा हजारांच्या आतला आसपासचे आवाज कमी टिपणारा साधा डायनॅमिक माईक, बंद कपांचे हेडफोन आणि पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ उच्चारताना माईकवर येणारी हवा अडवणारी जाळी) घ्यावा. ऑडॅसिटी हे संपादनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे. एकूण खर्च पंधरा-सोळा हजारांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि तो पगारातून करावा. त्यानंतरची प्रत्येक खरेदी आवाजाच्या कमाईतूनच व्हावी, हा नियम मी आपल्याला आग्रहाने सांगेन. एखाद्या मोठ्या कामाला उत्तम दर्जा हवा असेल तर शहरातील ध्वनिमुद्रण स्टुडिओ तासाच्या भाड्याने घेता येतो आणि ते भाडे ग्राहकाच्या बिलात दाखवता येते.

नोकरी न सोडता काम मिळेल का, असे आपल्या मनात येईल. कोल्हापुरात याचे उत्तर मुंबईपेक्षा बरे आहे. गुजरीतील सराफ, साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्थांचे माहितीपट, शिकवणी वर्ग, बांधकाम व्यावसायिक यांना मराठी आवाज लागतो आणि त्यांची कामे संध्याकाळी करून देता येतात. निवडणुकीच्या दिवसांत प्रचारगाड्यांची ध्वनिमुद्रणे निघतात. ते पैसे आगाऊ घ्यावेत, निकालानंतर वसुली होत नाही. आकाशवाणी आपल्या केंद्रांसाठी नैमित्तिक उद्घोषकांच्या लेखी व आवाज चाचण्या घेते; तिचे मानधन थोडे असले तरी तेथे होणारी भाषेची तालीम शुल्क घेणाऱ्या अनेक वर्गांत होणार नाही. श्राव्य पुस्तकांचे क्षेत्र मराठीत स्टोरीटेल या श्राव्य पुस्तकांच्या ॲपच्या २०१७ मधील आगमनानंतर वाढले. त्या कामाचा दर बहुधा तयार तासावर, म्हणजे संपादनानंतर श्रोत्याला ऐकू येणाऱ्या तासावर, ठरतो, आणि एक तयार तास करण्यासाठी वाचन, चुका, पुनर्मुद्रण व संपादन धरून कितीतरी अधिक तास जातात, हे दर ऐकताना लक्षात ठेवावे. चित्रपट व मालिकांच्या डबिंगचे काम मात्र अजूनही मुख्यतः मुंबईच्या स्टुडिओंत होते आणि बोलावणे ऐन वेळी येते. त्यासाठी आज बिऱ्हाड हलवू नये. दोन महिन्यांतून एकदा रजा काढून महालक्ष्मी एक्सप्रेसने जावे, ठरवून आवाज चाचण्या द्याव्यात आणि परत यावे.

उत्पन्न हंगामी असते, हेही लेखापाल म्हणून आपण जाणताच. दसरा-दिवाळी, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेआधी जाहिरातींची गर्दी, पितृपक्षात आणि ऐन पावसात शुकशुकाट. वार्षिक सरासरी काढून दरमहाचा खर्च ठरवला तर कोरडे महिने अंगावर येतात. म्हणून स्वतंत्र व्यावसायिकासाठी मी सहा नव्हे तर बारा महिन्यांच्या खर्चाची राखीव रक्कम सुचवतो. आपल्या बाबतीत ती २,८८,००० रुपये होते. ती आपल्या ठेवीत आज आहे. तिला हात लावू नये.

फसवणुकीचे दोन प्रकार नवोदितांच्या वाट्याला विशेष येतात. एक, काम देण्यापूर्वी ‘नोंदणी शुल्क’ मागणे. दुसरा, नमुना म्हणून संपूर्ण संहिता वाचून घेणे आणि नंतर तेच मुद्रण वापरणे. नमुना चार-पाच ओळींचाच द्यावा. काम ठरताना आवाज कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ वापरला जाणार हे साध्या ईमेलवर लिहून घ्यावे. स्थानिक रेडिओसाठी घेतलेला आवाज वर्षभर राज्यभरच्या दूरचित्रवाणीवर वाजत राहिल्यास तक्रारीला आधार असावा. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कलमही त्याच ईमेलमध्ये घालावे : माझे मुद्रण कोणत्याही यंत्रणेला प्रशिक्षण देण्यासाठी किंवा आवाजाची प्रतिकृती करण्यासाठी वापरू नये. गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध अंतरिम मनाई दिली; पण तो दिलासा नामवंत कलाकाराला मिळालेला होता, आणि आपले नाव होईपर्यंत आपले खरे संरक्षण लेखी करारच आहे. दूरध्वनीवरील सूचना, साधी प्रशिक्षण ध्वनिफीत ही कामे यंत्रनिर्मित आवाजांकडे वेगाने जात आहेत. त्यामुळे त्यांच्या आधारावर पाच वर्षांचे उत्पन्न मांडू नये. अभिनय लागणारे काम, आणि कोल्हापुरी ढंगाची खरी बोली लागणारे काम, यांत आपली बाजू अधिक भक्कम राहील.

वसुली आणि करांविषयी थोडक्यात लिहितो, कारण हा आपला रोजचा विषय आहे. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती करून घ्यावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. कर कापण्यास बांधील असलेला ग्राहक वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः १० टक्के कर कापेल. तो विवरणपत्रात जुळवावा. हे उत्पन्न सुरू झाले की पगारदारांचे आयटीआर-१ हे विवरणपत्र चालणार नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची चिंता सामान्यतः नको. मात्र फाउंड्रीच्या नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामाविषयी अट आहे का ते आधी वाचावे आणि असल्यास लेखी परवानगी मागावी.

आवाजाच्या कमाईसाठी वेगळे बँक खाते उघडावे. पाच वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर त्या खात्यातील मागील सहा महिन्यांच्या जमा रकमा पाहाव्यात. मासिक सरासरी २५,००० रुपयांवर असेल, ती किमान चार-पाच वेगवेगळ्या ग्राहकांकडून आली असेल आणि त्यांपैकी निम्मे तरी दुसऱ्यांदा परतले असतील, तर राजीनाम्याचा विचार करण्यास माझी हरकत नाही. त्या वेळीही उरलेली तूट भरून काढण्याचे साधन आपल्याकडे आहे. उद्यमनगरातील अनेक छोट्या कारखानदारांना पूर्णवेळ लेखापाल परवडत नाही. अशा दोघा-तिघांची पुस्तके आणि करविवरणे सांभाळल्यास महिन्यातील आठ-दहा दिवसांत घरखर्चाचा मोठा भाग निघू शकतो आणि उरलेले दिवस माईकसमोर जातात. सरासरी दहा हजारांच्या खाली अडकली, तर नोकरी चालू ठेवून आणखी एक वर्ष काम करावे व त्यानंतर हाच हिशेब पुन्हा मांडावा. पतसंस्थेतील कर्जाचा अर्ज अद्याप मंजूर झाला नसेल तर तो या आठवड्यातच मागे घ्यावा.