वाचायला सुरुवात करतोयस, तर एवढं ऐक

कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या गल्लीत ४० वर्षं पुस्तकं विकतोय, हा प्रश्न रोजचाच. पण मला तो अजून आवडतो.

पहिली चूक बहुतेकांची एकच. कुणीतरी ‘वाचलीच पाहिजे’ म्हणतं म्हणून एकदम ७०० पानांची कादंबरी उचलायची. रद्दीतून आलेल्या पुस्तकांत मला एसटीची तिकिटं सापडतात, कधी अंबाबाईच्या कुंकवाची पुडी. खुणेला ठेवलेली, आणि बहुतेक पहिल्या ५० पानांतच अडकलेली. वाईट वाटतं. तू दीडशे पानांचा कथासंग्रह घे. एका बैठकीत एक गोष्ट संपते, तो आनंद आधी मिळू दे.

मी स्वतः भडंगाच्या पुडीमुळं वाचक झालो. तेलकट कागदावर अर्धीच गोष्ट होती. तिचा शेवट शोधत वाचनालयात गेलो, तो आजतागायत शोधतोय.

बाकी थोडक्यात:
- सगळं विकत घेऊ नको, दुकानदार असून सांगतोय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे, सभासद हो.
- घेण्याआधी मधलंच एखादं पान वाच. भाषा कानाला गोड लागली तरच घे.
- नाही रमलं तर खुशाल ठेवून दे.
- रोज २० मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

समीक्षा, जुन्या आवृत्त्या हे सगळं नंतर. शनिवारी दुपारी दुकानात ये, गर्दी नसते. कथासंग्रह खालून दुसऱ्या फळीवर आहेत.