कोरे पान आणि सर्व्हरची निवड

प्रश्न : मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते उघडून आठवडा झाला, तरी पान रिकामेच दिसते. नोंदणी करतानाच ‘सर्व्हर निवडा’ असे विचारल्याने मी गोंधळले होते. माझे काही चुकले का?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालेले मॅस्टोडॉन हे एकच संकेतस्थळ नसून तो परस्परांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचा गोतावळा आहे. म्हणूनच ईमेलप्रमाणे खात्याच्या पत्त्यात सर्व्हरचेही नाव येते. मुख्य पानावर काय दिसावे हे तिथे अल्गोरिदम ठरवत नाही, त्यामुळे आपण कोणाला फॉलो करीत नाही तोवर पान कोरेच राहणार. हॅशटॅगही फॉलो करता येतात. ‘मराठी’पासून सुरुवात करावी. पुढे सर्व्हर बदललात तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, आणि ही उणीव मला स्वतःला खटकते.