प्रार्थनाच होत नाही, म्हणजे विश्वास गेला का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. घरावर संकट आलं, प्रार्थना केली, फरक पडला नाही, आणि आता गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द फुटत नाही. आज एका ताईंची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने सांगतेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशीच्या. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं संडे स्कूल घेणाऱ्या. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुरुवातीला सगळी मंडळी पाठीशी उभी राहिली. उपास झाले, साखळी प्रार्थना झाली. महिने सरत गेले तसं विचारणारे कमी झाले. मग एक नातेवाईक घरी येऊन सांगून गेले, "घरात कुठलं तरी पाप दडलंय. ते आधी कबूल करा, त्याशिवाय गुण यायचा नाही."

ताई ते मला सांगत होत्या, पण खरी गाठ दुसरीकडेच होती. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं. ताईंच्या यजमानांना दिवसाला जेमतेम लिटरभर, तेही चहा-आमटी धरून. ताई सकाळीच एका बाटलीत माप भरून ठेवायच्या. एका रात्री खुडबुड ऐकून त्या उठल्या, तर यजमान अंधारात माठाशी उभे राहून घटाघटा पाणी पीत होते. ताईंनी पेला हिसकावला आणि नको नको ते बोलल्या. "रविवारी मी पोरांना शिकवते की लहानातल्या एकाला पेलाभर गार पाणी दिलं तरी त्याचं प्रतिफळ आहे. आणि घरी तहानलेल्या माणसाच्या हातातून पाणी ओढून घेतलं. कुठल्या तोंडाने प्रार्थना करू?"

मी त्यांना बायबलमधलं वचन दाखवलं नाही. आधी विचारलं, झोप किती होते? जेवण? पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात अजून रमतं का? जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावासा वाटत नव्हता, पण नीट झोप अशी झालेलीच नव्हती. यजमानांचा श्वास लागेल या धास्तीने त्या जागत बसायच्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं खचलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, उपचार सुरू झाले. आपल्या मंडळ्यांमध्ये मनासाठी औषध घ्यायचं म्हणजे विश्वासात कमी पडलो असं काही जण अजून मानतात. याचं मला फार वाईट वाटतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. पुढची वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, एवढंच म्हणाला.

पापाचा प्रश्न मात्र तसाच सोडून चालणार नव्हता. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या 9व्या अध्यायात ते स्पष्ट आहे. ताईंनी हा भाग कितीदा तरी शिकवला होता, पण स्वतःच्या घराला कधी लावून पाहिला नव्हता. त्या दिवशी त्या बराच वेळ रडल्या.

मग मी त्यांना 13वं स्तोत्र घरी मोठ्याने वाचायला सांगितलं. दावीद त्यात देवाला एकच प्रश्न चारदा विचारतो: कोठवर? पुढच्या भेटीत ताईंनी कबूल केलं की असं वाचताना भीती वाटली, देवाशी भांडल्यासारखं झालं. मी म्हटलं, भांडायला समोर कोणी आहे असं धरूनच माणूस भांडतो ना? 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाने देवाकडे किती कडक तक्रार केली! त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलले, आणि शेवटी देवाने राग धरला तो मित्रांवर.

ताईंनी वहीत रोज एक-दोन ओळी लिहायला घेतल्या. काही ओळी कडू होत्या. पेल्याच्या रात्रीबद्दलही लिहिलं, आणि नंतर यजमानांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, तू नसतीस तर मी सगळा माठ संपवला असता."

ताईंच्या परवानगीने मी त्यांच्या मंडळीच्या पाळकसाहेबांशीही बोलले. मार्काच्या 2ऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उघडून खाली सोडतात. प्रभूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा केली, असं तिथे लिहिलंय. म्हणजे एखाद्याचा विश्वास थकतो तेव्हा इतरांनी खाट उचलायची असते. तरुण संघातल्या दोघांनी डायलिसिसची एक पाळी अंगावर घेतली. महिला मंडळातल्या बायका आळीपाळीने दुपारी येऊन बसू लागल्या, म्हणजे ताईंना दोन तास झोपता येईल. माझ्या खोलीत झालेल्या बोलण्याइतकाच या दोन तासांचा गुण आला, असं मी मानते.

यजमान बरे झालेले नाहीत. डायलिसिस चालू आहे, खर्चाची ओढाताण आहे, पाण्याची बाटली रोज भरावी लागते. ताईंची प्रार्थना परतली, पण पहिल्यासारखी नाही. पूर्वी त्या अर्धा तास सुरेख बोलायच्या, आता थोडकंच बोलतात. सकाळी यजमानांच्या हातावरच्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडाला, बोटं लावून आतली थरथर तपासतात आणि तेवढ्यात "प्रभू, आजचा दिवस" म्हणतात. पूर्वी त्यांना ही प्रार्थना वाटलीच नसती. शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं पौल रोमकरांस लिहितो. मी यालाच वाढ म्हणते. आनंदी चेहरा आणि जोरदार साक्ष यावरून वाढ मोजायची सवय आपल्याला लागली आहे, आणि त्यापायी कितीतरी माणसं रविवारी उपासनेत हसून घरी जाऊन एकटी कुढतात.

तुमचीही अशीच अवस्था असेल, तर आज मोठी प्रार्थना करायचा अट्टहास करू नका. एक विलापाचं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला खरं काय ते सांगा. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा.

ताई पुन्हा संडे स्कूल घेतात. मध्यंतरी एका मुलाने विचारलं, "बाई, काका बरे होणार का?" पूर्वी त्यांनी "हो, देव नक्की बरं करणार" असं ठोकून दिलं असतं. या वेळी म्हणाल्या, "मला माहीत नाही रे. पण मी रोज त्याला विचारते, आणि विचारत राहणार आहे."