टीडीएस कापला कंपनीने, डिमांड आली तुमच्या नावे

भोसरीच्या एका वाचकांचं पत्र आहे, आणि असली पत्रं मला महिन्याला चार-पाच तरी येतात. 2022-23 मध्ये कंपनीने यांच्या पगारातून दरमहा 4,200 रुपये आयकर (टीडीएस) कापला. सरकारकडे भरला तो फक्त पहिल्या तिमाहीचा. पुढे कंपनीला टाळं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये कलम 143(1) ची सूचना, म्हणजे विवरणपत्र तपासून खात्याने पाठवलेली डिमांड (कराची मागणी), आली: न भरलेल्या नऊ महिन्यांचे 37,800 रुपये आणि वर व्याज. ती तशीच पडून राहिली. आता यंदाचा रिफंड त्यात वळता करणार असल्याचा मेल आल्यावर ते विचारतात, "कटकट नको म्हणून भरून टाकू का?"

अजिबात भरू नका. आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर 'डिमांड बरोबर आहे' हा पर्याय चुकूनही निवडू नका. एकदा मान्य केलंत की तिथे नंतर असहमती नोंदवता येत नाही.

तुमचं सगळं प्रकरण 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 205 वर उभं आहे. पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढा कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. मालकाने तो भरला की खाल्ला, हा प्रश्न खात्याचा आणि मालकाचा. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये यशपाल साहनी प्रकरणात हेच सांगितलं: टीडीएसचं प्रमाणपत्र नसलं तरी कपात झाल्याचं सिद्ध झालं, की पुरे.

म्हणजे सिद्ध करायची आहे ती कपात. तुम्ही पाठवलेल्या पगारपत्रकात एकूण 62,000, पीएफ 1,800, व्यवसाय कर 200, आयकर 4,200 आणि हातात 55,800 आहेत. बँकेच्या उताऱ्यात त्याच महिन्यात बरोबर 55,800 जमा दिसले पाहिजेत. नऊही महिन्यांची अशी जोडी लावा. नुसतं पगारपत्रक कुणीही छापू शकतं, असं अधिकारी म्हणू शकतो. बँकेच्या नोंदीपुढे त्याला तसं म्हणता येणार नाही.

मेलमध्ये दिलेल्या मुदतीत, बहुधा 21 दिवसांत, पोर्टलवर असहमती नोंदवा. त्या सूचनेविरुद्ध अपिलाचे 30 दिवस तुम्ही केव्हाच घालवलेत, याचा मला खरंच राग येतो; तेव्हा 26एएस (तुमच्या नावे किती कर जमा झाला ते दाखवणारा खात्याचा तक्ता) एकदा उघडून पाहिलं असतंत तर हे आजवर चिघळलं नसतं. कलम 154 चा दुरुस्ती अर्ज मात्र 31 मार्च 2028 पर्यंत करता येतो. विवरणपत्रं तपासणारं खात्याचं बेंगळुरूचं केंद्र (सीपीसी) 26एएसमध्ये रक्कम नाही म्हणून तो यांत्रिकपणे फेटाळण्याची शक्यता मोठी, म्हणून तुमच्या क्षेत्राच्या कर निर्धारण अधिकाऱ्यालाही लेखी द्या आणि पोच घ्या. सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पाठपुरावा केल्याशिवाय फाइल हलत नाही. तरीही रिफंड वळता केलाच, तर उच्च न्यायालयात रिट करायची का, हे रक्कम पाहून ठरवू.

कंपनीविरुद्ध टीडीएस कार्यालयात तक्रार करा. कापलेला कर न भरल्याबद्दल 2022-23 मध्ये कलम 276बी खाली तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरी होती. पण त्यातून तुमचे पैसे कधी मोकळे होतील, हे सांगवत नाही. आधी बँकेत जा; पगाराचं जुनं खातं बंद झालं असेल तर उताऱ्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागेल, आणि 21 दिवसांतले काही त्यातच जातील.