टेकडीच्या वाटेवरची घाणेरी

प्रश्न : आमच्या गावामागच्या टेकडीवर जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना घाणेरी माजली आहे. आम्ही दर हिवाळ्यात ती कोयत्याने तोडतो, पण पुढच्या पावसात ती अधिकच दाट होते. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात, म्हणून ती काढूच नये असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय? – एक वाचक, भोर तालुका

उत्तर : घाणेरी काढावी, पण कोयत्याने नव्हे. जमिनीलगत तोडलेल्या बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात, त्यामुळे आपण करता ती तोडणी प्रत्यक्षात छाटणीच ठरते. उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि फळे खाणाऱ्या बुलबुलांसारख्या पक्ष्यांमार्फत रानोमाळ पसरली. तिचा पाला गुरांना विषारी असल्याने चराईचाही तिला धाक नाही.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी पुढे आणलेली पद्धत आपल्याला उपयोगी पडेल. पहिल्या पावसाने माती मऊ झाली, की मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने तोडावे आणि झुडूप उचलून मुळे आकाशाकडे करून तिथेच वाळू द्यावे. धुमारे फुटणारा भाग मातीत राहत नाही, म्हणून ते पुन्हा उगवत नाही. पिकलेल्या फळांच्या फांद्या वाटेवरून ओढत नेऊ नयेत. टेकडी पेटवणे तर सर्वथा टाळावे, कारण वणव्यानंतर घाणेरी पुन्हा फुटते आणि देशी रोपे मात्र जळून जातात. उतारावर एका वेळी थोडाच पट्टा मोकळा करावा, म्हणजे मातीही धुपणार नाही.

कुदळ मारण्यापूर्वी झुडपाखाली वाकून जरूर पाहावे. करवंद, कुडा, मुरुडशेंग यांची रोपे तिथे तग धरून असतात; त्यांना चिंधी बांधून ठेवावी. ओळखू येत नसेल, तर पान चुरगळावे : घाणेरीचे पान खरखरीत असते आणि त्याला उग्र वास येतो, तर करवंदाचे पान गुळगुळीत असून देठाशी तोडताच पांढरा चीक येतो. धायटीची पानेही समोरासमोर येतात, पण तिला काटे नसतात.

फुलपाखरांविषयीचा आक्षेप अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेला आहे. मध कुठेही मिळाला तरी चालतो, परंतु अळीला ठरावीक झाडाचाच पाला लागतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेली राणी पाकोळी घाणेरीवर मध पिते, पण अंडी घालते ती बेल, माकडलिंबू अशा लिंबाच्या कुळातील झाडांवर.

मोकळ्या जागी गिरिपुष्प लावू नये, तेही मध्य अमेरिकेतून आलेले आहे. पहिला पावसाळा गवताला आणि आपोआप येणाऱ्या रोपांना द्यावा, घाणेरीची बारीक रोपे हातानेच उपटत राहावे आणि जिथे जमीन उघडी दिसेल तिथेच करवंद किंवा धायटी लावावी. टेकडी वन विभागाच्या ताब्यात असल्यास मात्र कामाआधी त्यांची लेखी परवानगी घ्यावी.